घरी केलेल्या लॉकपिकचं टोक सारखं वाकतंय? आधी पोलादाचं पाणी तपासा

किल्लीशिवाय कुलूप उघडणं हा माझा छंद, आणि त्यासाठी लागणारे पिक मी हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, ब्लेडपासून घरीच बनवतो. पिक म्हणजे कुलपातल्या छोट्या पिन एकेक करून उचलायची बारीक पोलादी दांडी; टोक वळवलेला पिक तो हुक. तीन आठवड्यांत माझे पाच हुक वाया गेले. पाचही जवळजवळ एकाच जागी वाकले: टोकापासून सात-आठ मिलिमीटर मागे, सरळ दांडी संपून वळण सुरू होतं तिथे. दर वेळी मी नवं हॅकसॉ ब्लेड घेतलं, आकार थोडा बदलला, दांडी जरा रुंद ठेवली. सहावाही तिथेच वाकला तेव्हा मी आकाराकडे बघणं सोडलं आणि पिक कसा वाकतोय ते बघितलं. तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. पक्कडीने सरळ केला तर निमूटपणे सरळही झाला, बांधायच्या तारेसारखा. चांगलं स्प्रिंग स्टील असं वागत नाही. ते हात सोडला की मूळ जागी येतं, नाहीतर सरळ तुटतं.

ही तक्रार नवीन कोणाचीच नाही, आणि तिच्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: "स्टील चांगलं घे." स्टील बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते खराब करतो आपण, ग्राइंडरवर, पहिल्या अर्ध्या मिनिटात. कोयत्याला, छिन्नीला पाणी देतात तसं या पट्टीलाही कारखान्यात पाणी दिलेलं असतं. आपण ते उतरवतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. या छंदात जगभर दोन नियम मानतात: कुलूप स्वतःचं हवं किंवा मालकाची स्पष्ट परवानगी हवी, आणि रोजच्या वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, ते स्वतःचं असलं तरी. दुसरा नियम चोरीच्या भीतीने केलेला नाही. कुलूप अर्धवट फिरून पिन अडकल्या की तुम्ही दाराबाहेर आणि किल्ली निरुपयोगी, असा प्रसंग येतो. शिवाय कायदा सगळीकडे सारखा नाही. जपानमध्ये २००३ च्या कायद्यानुसार कामाचं योग्य कारण नसताना अशी हत्यारं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे काय आहे ते आधी बघून घ्या.

आता निदान. वाकलेला पिक फेकू नका, त्याच्यावरच चाचणी होते.

बारीक कानस घ्या आणि पिकच्या मुठीकडच्या भागावर, जिथे ग्राइंडर फारसा लागला नाही तिथे, एक हलका घास मारा. मग तोच घास टोकाजवळ मारा. मुठीकडे कानस घसरते किंवा कष्टाने चावते, आणि टोकाकडे लोण्यासारखी आत जाते, असा फरक जाणवला तर प्रश्न सुटला. पट्टी मुळात कडक होती, टोक मऊ पडलंय. दोन्हीकडे कानस सारखीच सहज चावत असेल तर पट्टीच मऊ आहे. त्याकडे खाली येतो. आणि पिक वाकण्याऐवजी कटकन तुटत असेल तर तो तिसराच आजार.

चाचणी अशी बोलकी का, ते कडकपणाच्या आकड्यांवरून कळतं. कानस रॉकवेल मापावर ६० च्या वर असते. पिकसाठी हवं असलेलं स्प्रिंग स्टील साधारण ४५ ते ५० मध्ये बसतं. म्हणजे त्याच्यावर कानस चालायला हवी, पण तक्रार करत. अजिबात चालली नाही तर स्टील फार कडक आहे आणि ठिसूळ असणार. मजेत चालली तर पाणी गेलं.

पाणी उतरतं कसं? कडक केलेल्या पोलादात कार्बन लोखंडाच्या जाळीत जबरदस्तीने अडकवलेला असतो. उष्णता मिळाली की तो हळूहळू सुटतो आणि पोलाद मऊ, चिवट होत जातं. कारखान्यात हीच क्रिया मोजूनमापून करतात आणि योग्य जागी थांबवतात. ग्राइंडरला थांबणं माहीत नसतं. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची पट्टी, तिचं दोन मिलिमीटर रुंद टोक, म्हणजे उष्णता साठवायला जागाच नाही. चाकाला टेकवल्यावर दोन-तीन सेकंदांत टोक ३०० अंशांपलीकडे जातं आणि बोटात धरलेली मूठ मात्र अजून गारच असते. म्हणून कळतही नाही. आणि जिथे सर्वात जास्त घासावं लागतं, ती जागा म्हणजे हुकची मान. पाचही हुक तिथेच का वाकले याचं उत्तर हेच.

साध्या कार्बन पोलादावर तापमान रंगाने दिसतं. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. २५० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला गडद निळा, आणि त्याच्याही पुढे राखाडी. पिवळ्या-तपकिरीपर्यंत घाबरायचं कारण नाही. निळा दिसला तर तो भाग संशयित. निळ्यावरून राखाडीकडे गेला तर तिथलं पाणी गेलं असं धरून चाला. इथे मी बरेच दिवस एक चूक करत होतो: निळा डाग दिसला की पॉलिश पेपरने घासून टाकायचो आणि पिक चकचकीत झाला म्हणून खूश व्हायचो. रंग म्हणजे वरचा ऑक्साइडचा पातळ थर. तो निघाला तरी आतलं पोलाद मऊच राहतं. स्टेनलेस पट्टीच्या बाबतीत ही रंगपट्टी लावू नका, तिच्यावर तेच रंग बऱ्याच जास्त तापमानाला येतात.

मग करायचं काय? ग्राइंडर सोडायची गरज नाही, पण त्याच्याशी वागण्याची पद्धत बदलावी लागते. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. दोन सेकंद घासा, बुडवा, पुसा, पुन्हा दोन सेकंद. पट्टी उघड्या बोटांनी, कामाच्या जितक्या जवळ सुरक्षितपणे धरता येईल तितकी जवळ धरा. बोटाला चटका बसायच्या आत ती पाण्यात गेली पाहिजे. हातमोजे नकोत. एक तर उष्णता कळत नाही, दुसरं म्हणजे फिरत्या चाकाजवळ हातमोजा ओढला जाऊ शकतो. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच, विशेषतः ब्लेड तोडताना, कारण पूर्ण कडक ब्लेड काचेसारखं फुटतं आणि तुकडा कुठेही उडतो.

चाकाची अवस्था बघा. जुनं, गुळगुळीत झालेलं चाक कापत नाही, नुसतं रगडतं, आणि रगडण्यातून फक्त उष्णता निघते. चाक ड्रेसरने, म्हणजे चाकाचा गुळगुळीत थर काढायच्या हत्याराने, खरवडून घेतलं तेव्हा माझं अर्धं काम सोपं झालं. भरड चाक बारीक चाकापेक्षा गार कापतं, हेही उलटं वाटलं तरी खरं आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवून दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून धरायच्या आणि सगळ्यांची बाहेरची रेषा एकदमच घासायची. उष्णता लोखंडात ओढली जाते, आणि चार-पाच सारखे पिक तयार होतात. शेवटचा अर्धा मिलिमीटर मात्र कुठल्याही मशीनवर नको. तो हाताने, गोल बारीक कानशीने. वेळ लागतो. माझ्या हाताला एका हुकला पाऊण तास लागतो, आणि ते हुक अजून टिकून आहेत.

वाकलेल्या पिकचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. मऊ झालेला भाग, रंग दिसत होता तिथून तीन-चार मिलिमीटर मागपर्यंत, कापून टाका आणि उरलेल्या पट्टीत नवं टोक काढा. लांबी थोडी कमी होईल, एवढंच.

पुन्हा पाणी देता येत नाही का? येतं. चुंबक चिकटणं बंद होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांपर्यंत, आणि मग त्याहून थोडं वर तापवायचं, लगेच तेलात बुडवायचं, काळी खपली घासून काढायची आणि गरम वाळूवर ठेवून जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत आणायचं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात इतकी पातळ पट्टी ज्योतीतून तेलापर्यंत जाता जाताच गार होते, बुडवताना थोडी तिरकी गेली तर पिळवटते, पाण्यात बुडवली तर तडकते. तापलेल्या तेलाच्या धुराने घर भरतं ते वेगळंच, आणि तेल पेटूही शकतं. एकदा शिकण्यासाठी जरूर करा, मोकळ्या जागेत, शेजारी झाकण ठेवून. दुरुस्ती म्हणून मी करत नाही. पट्टी स्वस्त असते.

आता ज्यांची पट्टी दोन्हीकडे सारखीच मऊ निघाली ते. हॅकसॉ ब्लेड हा एकच प्रकार आहे असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. पूर्ण कडक ब्लेड वेगळं: ते आरपार कडक असतं, थोडं वाकवलं तरी तुटतं. फ्लेक्सिबल ब्लेड वेगळं: त्याचे फक्त दातच कडक केलेले असतात, पाठ मऊ ठेवलेली असते, म्हणजे लाकूड-लोखंड कापताना तुटू नये. आपण काय करतो? दात घासून टाकतो आणि पाठीचा पिक बनवतो. म्हणजे ब्लेडचा कडक भाग कचऱ्यात आणि मऊ भाग कुलपात. बायमेटल ब्लेड तिसरं: दातांची कड हायस्पीड स्टीलची आणि ती चिवट स्प्रिंग स्टीलच्या पाठीला वेल्ड केलेली. दातांबरोबर ती जोडाची रेषाही घासून काढली की उरलेली पाठ पिकसाठी फार छान असते. ब्लेडवर बाय-मेटल असं बहुतेक वेळा छापलेलं असतं. छापलं नसेल तर ब्लेड हलक्या कमानीत वाकवून सोडा (गॉगल घालून). पूर्ण सरळ झालं तर काम होईल. जरा जरी बाक राहिला तर ते दुसऱ्या कामाला ठेवा.

ब्लेडचा नाद सोडायचा असेल तर फीलर गेजच्या पट्ट्या घ्या. इंजिनातल्या फटी मोजायला असतात त्या. स्टील स्प्रिंगचंच असतं आणि जाडी पट्टीवरच कोरलेली असते, ०.४०, ०.५०, ०.६०, त्यामुळे अंदाजाचा प्रश्नच नाही. किल्लीची खाच रुंद असलेल्या कुलपांना ०.६ मिलिमीटरच्या आसपास, अरुंद वाकड्यातिकड्या खाचेला ०.४ च्या आसपास, असं साधारण धरून चालतं.

पाणी शाबूत आहे, पट्टीही चांगली आहे, तरी दांडी लवते, असं असेल तर रुंदी मोजा. पिन उचलताना दांडी उभ्या दिशेने वाकते आणि त्या दिशेचा ताठपणा जाडीच्या पटीत वाढतो, पण उभ्या रुंदीच्या घनाच्या पटीत. दोन मिलिमीटरची दांडी "जरा आत जात नाही" म्हणून १.६ ला आणली, तर ताठपणा निम्मा होतो. चार दशांश मिलिमीटर! कानशीचे पाच-सात जास्तीचे हात. म्हणून दांडी आधी मागणीपेक्षा रुंद ठेवा, कुलपात घालून बघा, अडते तिथेच घासा. मुठीकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती ठेवली तर आणखी उत्तम.

कटकन तुटणाऱ्या पिकचा आजार बहुतेकदा दोनपैकी एक असतो. पूर्ण कडक ब्लेड वापरलं असेल, किंवा मानेत कानशीने टोकदार कोपरा पाडला असेल. सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. कोपरा गोल कानशीने मोकळा करा, एक मिलिमीटरची गोलाई मिळाली तरी फरक पडतो. आणि पॉलिश करताना पेपर दांडीच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. आडवा प्रत्येक ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. पेपर २२० पासून सुरू करून ४००, ६००, १००० असं चढत जायचं. कडा गोल झाल्या पाहिजेत. ग्राइंडरने कडेला उठलेली ती पातळ करकरीत धार, जिला कामगार बर म्हणतात, राहून गेली तर पिक पिनांवर अडतो, पितळ खरवडतो, आणि हाताला वाटतं पिन बसली, म्हणजे हव्या उंचीला अडकून राहिली. ती बसलेली नसते. या एका खोट्या संवेदनेने माझा एक आख्खा रविवार खाल्ला आहे.

इतकं सगळं करूनही वाकतोय? मग, वाईट वाटून घेऊ नका, हात तपासा.

पिन टंबलर सिलिंडर, ज्याची आजची ओळखीची घडण लायनस येल धाकटे यांच्या १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून आली, त्यात प्रत्येक पिन आपापल्या छिद्रात स्प्रिंगने दाबलेली असते. छिद्रं एका रेषेत असायला हवीत, पण कुठलंच यंत्र ती तंतोतंत एका रेषेत पाडू शकत नाही. म्हणून प्लग, म्हणजे किल्ली जाते तो फिरणारा भाग, हलका फिरवला की सगळ्या पिन एकदम अडकत नाहीत, एक आधी अडकते. तीच उचलायची, मग पुढची. सगळा खेळ त्या बारीकशा चुकीवर चालतो. आता टेन्शन रेंचवर, म्हणजे प्लग हलका फिरवून धरायला खाचेत घातलेल्या वाकड्या पट्टीवर, जोर दिला की काय होतं? अडकलेली पिन गच्च धरली जाते, पाठोपाठ दुसऱ्याही अडकतात, आणि त्या उचलायला पिक पहारीसारखा वापरावा लागतो. स्प्रिंग स्वतः किती दाबते ते बघायचं असेल तर रेंच न लावता एक पिन नुसती दाबा. बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती वर जाते. पिकला याहून फार जास्त जोर लागत असेल तर चूक दुसऱ्या हातात आहे.

माझी खूण अशी: रेंचवरच्या बोटाचं नख पांढरं पडत असेल तर जोर जास्त. नखाचा रंग बदलू नये. हुक वाकण्याच्या माझ्या तक्रारींपैकी निम्म्या या एका सवयीने गेल्या, हे कबूल करायला जरा जड जातं, कारण तोवर मी पोलादावर बराच राग काढून झालो होतो. आणि कुलूप पाच मिनिटांत उघडत नाही म्हणून ज्यांचा जोर वाढत जातो त्यांच्यासाठी: १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज यांनी ब्रामा कंपनीचं आव्हानाचं कुलूप उघडलं, तेव्हा त्यांना १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले होते. बक्षीस २०० गिनी होतं आणि ते कुलूप कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत कोणी उघडेना म्हणून पडून होतं.

टेन्शन रेंचबद्दल थोडक्यात, कारण तोही याच तक्रारीत येतो. वायपरच्या रबरामधली स्टेनलेस पट्टी यासाठी उत्तम. ती गरम करून वाकवू नका, गरम केलेला कोपराच पुढे पिळवटतो. पट्टी व्हाइसमध्ये एखाद्या गोल सळईभोवती धरून गारच वाकवा, आतली गोलाई पट्टीच्या जाडीच्या दुप्पट तरी ठेवा. काटकोनात टोकदार वाकवली की बाहेरच्या बाजूला बारीक तडे दिसतात, भिंगातून बघा. रेंच लांब ठेवला तर हाताला तो लवचीक वाटतो आणि किती जोर लागतोय ते कळत नाही, म्हणून मी हल्ली बेताच्या लांबीचेच करतो.

नवा पिक झाला की थेट अवघड कुलपावर नेऊ नका. मी आधी दोन पिन ठेवून बाकीच्या काढून टाकलेल्या सिलिंडरवर वीस-पंचवीस वेळा चालवतो. मग टोक पांढऱ्या कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीने त्याची बाहेरची रेषा काढतो आणि तारीख टाकतो. आठवड्याने त्याच रेषेवर पिक पुन्हा ठेवायचा. रेषेबाहेर गेला नसेल तर तो पेटीत जातो. गेला असेल तर कानस काढायची आणि मानेवर एक घास मारून बघायचं.